वाचक विचारतात: फुलावरचा खेकडा कोळी

झेंडू, शेवंती आणि सोनकीच्या दिवसांत नाशिक परिसरातून फुलांवर बसणाऱ्या कोळ्यांविषयी प्रश्न येतात. त्यातले काही निवडून उत्तरांसह देत आहोत.

कुंडीतल्या झेंडूवर एक मधमाशी सकाळपासून जागची हलली नाही. जवळ जाऊन पाहिले तर ती मेलेली होती आणि तिच्या मानेला पिवळट कोळी चिकटला होता. जाळे कुठेच नव्हते. जाळ्याशिवाय हा कोळी मधमाशी धरतो तरी कसा? (इंदिरानगर)

तुम्ही पाहिलात तो खेकडा कोळी. थॉमिसिडी कुळातला. या कुळात जगभर दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि आपल्या बागांत फुलांवर दिसतात त्या बहुधा थॉमिसस गटातल्या. मादी साधारण 6 ते 10 मिलिमीटरची असते. पोट मागच्या बाजूला रुंद होत जाते आणि त्याचे दोन कोपरे उंचावलेले असतात, त्यामुळे वरून पाहिल्यास ती त्रिकोणी वाटते. डोळ्यांजवळ दोन्ही बाजूंना शिंगासारखे छोटे उंचवटे असतात. पायांच्या पुढच्या दोन जोड्या लांब आणि दणकट, मागच्या दोन आखूड. चालते तीही आडवी. एवढ्या खुणा जुळल्या की ओळख पक्की समजा. नर जेमतेम 2 ते 4 मिलिमीटरचा आणि तपकिरी असतो. तो मादीच्या पाठीवर बसलेला दिसला की पुष्कळांना तिचे पिल्लू वाटतो.

शिकारीसाठी हा कोळी जाळे विणत नाही. मागच्या आखूड पायांनी पाकळी घट्ट धरायची, पुढचे चार पाय पसरून ठेवायचे आणि वाट पाहायची, एवढीच त्याची पद्धत. मधमाशी उतरून मकरंदासाठी तोंड फुलात खुपसते तेव्हा तिचे डोके आणि मान कोळ्याच्या टप्प्यात येते. चावा बहुतेक वेळा तिथेच, डोक्याच्या मागे बसतो. ही जागा महत्त्वाची आहे, कारण तिथे धरलेल्या माशीची नांगी कोळ्यापर्यंत वळत नाही. विष कीटकांवर झपाट्याने काम करते, म्हणूनच स्वतःहून मोठी मधमाशी किंवा फुलपाखरू तो एकट्याने आवरतो. पाठीमागून किंवा पोटाला धरले तर मात्र माशी हिसका देऊन सुटते. असे सुटण्याचे प्रसंग पकडण्यापेक्षा कमी नसतात, फक्त आपल्या नजरेला मेलेली माशीच पडते.

मेलेली माशी अखंड का दिसते, हाही प्रश्न यातूनच येतो. बऱ्याच कोळ्यांच्या जबड्याला दाते असतात आणि ते भक्ष्य चुरगाळून त्याचा गोळा करतात. खेकडा कोळ्याच्या जबड्याला असे दाते नाहीत. तो दोन बारीक छिद्रे पाडतो, त्यातून पाचक रस आत सोडतो आणि आतला भाग विरघळला की शोषून घेतो. कातडी, पंख, पाय सगळे जागच्या जागी राहते. काम संपल्यावर माशी खाली टाकतो. ती हातात घेऊन पाहा, फोलपटासारखी हलकी लागेल. झाडाखाली अशी पोकळ माशी किंवा पंख न फाटलेले मेलेले फुलपाखरू सापडले, तर मान वर करून त्याच झाडाची फुले तपासा. कोळी बहुधा तिथेच असतो.

जाळे नसले तरी धागा असतो. कोळी चालताना मागे एक दोर सोडत जातो. फांदीला धक्का लागला की तो त्या दोरावर लटकतो आणि गडबड शमल्यावर वर चढतो. म्हणून झाड हलवून त्याला ‘पाडण्या’चा उपयोग होत नाही.

पांढऱ्या शेवंतीवरचा पांढरा कोळी उचलून पिवळ्या झेंडूवर ठेवला. दोन दिवस झाले, तो पांढराच आहे. हे कोळी रंग बदलतात असे वाचले होते. माझे काय चुकले? (पाथर्डी फाटा)

दोन दिवस फार थोडे झाले. सरड्याचा रंग मिनिटांत बदलतो, तसे इथे होत नाही.

या विषयातला सर्वाधिक अभ्यास मिसुमेना वॅटिया या युरोप-उत्तर अमेरिकेतल्या जातीवर झाला आहे. तिची मादी पांढऱ्याची पिवळी व्हायला साधारण 10 ते 25 दिवस घेते आणि पिवळ्याची पांढरी व्हायला सहाएक दिवस. हा फरक कशामुळे, ते समजले की तुमच्या प्रयोगाचे काय झाले तेही कळेल. कोळ्याच्या कातडीखाली एक थर आहे, त्यात पिवळे रंगद्रव्य येते. त्याच्याही खाली ग्वानिनच्या पांढऱ्या कणांनी भरलेल्या पेशी असतात. वरच्या थरात पिवळे द्रव्य असेल तर कोळी पिवळा दिसतो. ते आत ओढले गेले की वरचा थर काचेसारखा होतो आणि खालचे पांढरे उघडे पडते. कोळी पांढऱ्या फुलावर बरेच दिवस राहिला तर पिवळे द्रव्य शरीराबाहेरच टाकले जाते. मग पुन्हा पिवळे व्हायचे तर ते नव्याने तयार करावे लागते. शेवंतीवर आठवडे काढलेला कोळी म्हणूनच लवकर पिवळा होत नाही.

रंग ओळखण्याचे काम डोळ्यांचे. ज्यांचे डोळे रंग लावून झाकले त्या माद्यांना रंग बदलता आला नाही. शिवाय ही क्षमता मुख्यतः वाढ पूर्ण झालेल्या मादीत असते. नराकडून किंवा लहान पिलाकडून अपेक्षा ठेवू नका. रंगांची मर्यादाही लक्षात घ्या. थॉमिसस गटात पांढऱ्या, पिवळ्या आणि काही जातींत गुलाबी माद्या असतात. केशरी झेंडूवर ठेवून कोळी केशरी होणार नाही, जास्वंदीवर लाल होणार नाही.

प्रयोग पुन्हा करायचा असेल तर असा करा. पोटाने टपोरी, पूर्ण वाढलेली मादी निवडा. लिंबासारख्या पिवळ्या फुलांची कुंडी घ्या, निदान तीन-चार फुले पूर्ण उमललेली हवीत. कुंडीच्या कडेला चार काड्या खोचून वरून जाळी टाका आणि कडेखाली सुतळीने बांधा. जाळी हिरवी किंवा काळी घ्या. पांढऱ्या मच्छरदाणीचा तुकडा वापरला की कोळी तिच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, मग त्याला पार्श्वभूमी पांढरीच मिळते आणि प्रयोग तिथेच फसतो. दोन-तीन दिवसांनी एक-दोन घरमाश्या आत सोडा. उपाशी कोळी फूल सोडून भटकू लागतो. फूल कोमेजायच्या आत शेजारी दुसरे उमललेले असू द्या. रोज एकाच वेळी, चौकटीत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढा. हा कागद नसेल तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हातला फरकच रंगबदल म्हणून मोजला जाईल. तीन आठवडे तरी थांबा.

मधेच मादी खाणे थांबवून पानाकडे गेली तर ती अंडी घालण्याच्या तयारीत आहे. जाळी काढून टाका, प्रयोग संपला.

एक गोष्ट मात्र प्रयोगाआधीच सांगता येते. बागेत तुम्हाला फुलाशी हुबेहूब जुळणारे कोळी दिसतात, त्यांतले पुष्कळसे रंग बदलून जुळलेले नसतात. ते जुळणाऱ्या फुलावर जाऊन बसलेले असतात. शिवाय न जुळणारा कोळी लवकर दिसतो, पक्ष्यांनाही.

आमच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कळ्यांवर पांढरे कोळी दिसतात. दुकानदाराने कोळीनाशक दिले आहे. फवारू का? (दिंडोरी तालुका)

नाही. बाटलीवरचा कोळी वेगळा आहे.

कोळीनाशक आहे ते लाल कोळीसाठी. ती कीड अर्ध्या मिलिमीटरची, पानाच्या खालच्या बाजूला राहून रस शोषणारी. पानावर आधी बारीक फिकट ठिपके येतात, मग पान तांबूस पडते आणि शेंड्याकडे बारीक जाळी धरते. खेकडा कोळी झाडाचा रस पीत नाही, तो किडे खातो. त्याच्यासाठी कोळीनाशकाचा खर्च करू नये.

पण कळ्यांवर कोळी दिसले म्हणून पानाखाली लाल कोळी नाहीच, असे धरून चालू नका. पांढरा कागद पानाखाली धरून पानावर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावरचे ठिपके अर्ध्या मिनिटात चालू लागले आणि बोटाने दाबल्यावर लालसर किंवा हिरवट रेघ उमटली तर लाल कोळी आहे. 10 पट भिंग असेल तर उत्तम. प्रत्येक वाफ्यात वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणी, विशेषतः दाराजवळ आणि धूळ बसणाऱ्या कडेला, असे तपासा. कोरड्या, तापलेल्या हवेत ही कीड झपाट्याने वाढते, त्यामुळे फेब्रुवारी संपल्यावर तपासणीचे अंतर कमी करा.

प्रादुर्भाव थोडा असेल तर पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. तो सकाळीच द्या. संध्याकाळी दिला तर पाने रात्रभर ओली राहतात आणि नाशिकच्या थंडीत केवडा या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण मिळते. त्यानंतरची पायरी 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो कुटलेली निंबोळी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबणाचे द्रावण मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. उमललेल्या फुलांवर मारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात. कडक उन्हात तर नकोच. त्यानेही भागले नाही तर शिफारशीतले कोळीनाशक, लेबलवरच्या मात्रेने.

सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशके सरसकट मारण्याची सवय मात्र महागात पडते. लाल कोळी खाणारे शिकारी कीटक आणि शिकारी माइट (लाल कोळीसारखेच सूक्ष्म जीव) त्यात मरतात, लाल कोळी बऱ्याच अंशी वाचते आणि पंधरवड्यात आधीपेक्षा जास्त होते. कळ्यांवर खेकडा कोळी टिकून आहेत याचा अर्थ तुमच्याकडे अजून तेवढी वेळ आलेली नाही.

निर्यातीच्या मालात मात्र जिवंत कोळी चालत नाही. तोडणीनंतर दांड्या उलट्या धरून हलक्या झटका आणि प्रतवारीच्या टेबलावर कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांखाली पाहा.

कांद्याच्या बीजोत्पादनात गोंड्यांवर हे कोळी मधमाश्या पकडतात. बी कमी भरेल का? (येवला तालुका)

काळजी रास्त आहे. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचे परागकण दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच, आणि ते काम मुख्यतः मधमाश्यांचे. कोळी माश्या मारतो, शिवाय कोळी बसलेले फूल टाळायलाही माश्या शिकतात.

तरीही शेताच्या हिशेबात हे नुकसान छोटे असते. एक मादी एक माशी पकडली की तासन्‌तास तीच शोषत बसते. मधमाश्यांची एक पेटी रोज आपल्या म्हाताऱ्या माश्या गमावतेच, त्यात कोळ्यांचा वाटा नगण्य. एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती एकदम न उमलता आठवडे-दोन आठवडे उमलत राहतात, म्हणजे आज टाळलेला गोंडा उद्या भेट मिळवू शकतो. शंका असेल तर शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी प्रत्येकी 20 गोंडे, असे 100 गोंडे सकाळी दहाच्या सुमारास मोजा. किती गोंड्यांवर कोळी आणि किती गोंड्यांवर माशी, दोन्ही आकडे लिहा. माश्याच कमी दिसत असतील तर कारण कोळी नव्हे. फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी मारलेले औषध, जवळपास पेटी नसणे किंवा शेजारच्या शिवारात जास्त गोड मकरंदाचे पीक फुललेले असणे, हे आधी तपासा. फुलोऱ्यात फवारणे टळतच नसेल तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारा आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा.

कोळी वेचून काढू का, असेही तुम्ही पत्रात विचारले आहे. वेचायला मजूर लावण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

मावा खूप झाला आहे. असे कोळी आणून सोडले तर फायदा होईल का? (म्हसरूळ)

होणार नाही. हा कोळी उडत येणाऱ्या भक्ष्यासाठी फुलावर बसतो आणि मावा कोवळ्या शेंड्यावर असतो. उलट काळी-पिवळी फुलमाशी, जिच्या अळ्या मावा खातात, ती या कोळ्याच्या तावडीत अनेकदा सापडते. माव्यासाठी ढालकिडे आणि क्रायसोपा, म्हणजे मावा खाणारे कीटक, हवेत. शेंडे पाण्याने धुवा, मुंग्यांची रांग तोडा, ढालकिड्याच्या काळसर काटेरी अळ्या दिसल्या तर त्या मारू नका.

कोळी फुले खाणाऱ्या अळ्याही धरतो, तेव्हा झाडाला त्याचा काहीच उपयोग नाही असेही नाही. युरोपातल्या एका मोहरीवर्गीय रानफुलावर 2018 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले, की फूल खाणाऱ्या अळ्या लागल्या की झाड जो गंध जास्त सोडते त्याकडे हे कोळी ओढले जातात. पण त्यावरून तुमच्या गच्चीवरच्या माव्याचा उपाय निघत नाही.

माझ्या मॅक्रो फोटोंत पांढरा कोळी पांढऱ्या तगरीवर जवळजवळ दिसतच नाही. मधमाशीलाही तो असाच अदृश्य असतो का? यूव्ही टॉर्चने तपासता येईल का? (कॉलेज रोड)

मधमाशीची नजर आपल्यासारखी नाही. तिला तांबडा दिसत नाही, पण अतिनील (यूव्ही) दिसतो. थॉमिसस स्पेक्टॅबिलिस ही जाती भारतातही आहे आणि ऑस्ट्रेलियातही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की ही पांढरी मादी अतिनील किरण जोरात परावर्तित करते, तर ती ज्या पांढऱ्या डेझीवर बसते ती फारसे करत नाही. म्हणजे माणसाला न दिसणारी कोळीण मधमाशीला ठळक दिसते. आणि गंमत अशी, की मधमाश्या त्या फुलाकडे जास्त गेल्या. ठळक खूण असलेले फूल त्यांना आकर्षक वाटते. युरोपातल्या जातींत निष्कर्ष वेगळे आले आहेत, तिथे माश्या कोळ्याची फुले टाळताना दिसल्या. तेव्हा ‘छद्मावरण मधमाशीला फसवण्यासाठी’ हे वाक्य सगळ्या जातींना सरसकट लावू नये. पक्ष्यांपासून लपणे हा हेतूही तितकाच खरा असू शकतो.

यूव्ही टॉर्चने हे तपासता येत नाही. टॉर्चच्या उजेडात जी चमक दिसते ती प्रतिदीप्ती, म्हणजे अतिनील शोषून बाहेर टाकलेला दृश्य प्रकाश. मधमाशी पाहते ते परावर्तन. त्यासाठी सेन्सरवरची गाळणी काढलेला कॅमेरा, फक्त अतिनील जाऊ देणारा फिल्टर आणि अतिनील न अडवणारी लेन्स लागते.

साध्या फोटोसाठी: पांढऱ्यावर पांढरे असताना कॅमेरा चित्र राखाडी करतो, एक्सपोजर +0.3 ते +0.7 ठेवा. मागे गडद पाने असतील तर उलट, –0.7, नाहीतर कोळ्याच्या पोटावरचा तपशील जळतो. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावा. फोकस डोळ्यांवर. तुमची सावली फुलावर पडली की कोळी आडवा सरकत पाकळीखाली जातो, त्यामुळे सूर्य कुठे आहे ते पाहून मगच जवळ जा.

जास्वंदीचे एक पान टोकाशी दुमडून शिवल्यासारखे झाले आहे, आत पांढरे काहीतरी आहे. छाटू का? (नाशिक रोड)

आधी कडेने किंचित उघडून पाहा. आत काळे बारीक दाणे आणि कुरतडलेले पान असेल तर पाने गुंडाळणारी अळी आहे, तोडून टाका. आत स्वच्छ पांढऱ्या रेशमाची चपटी पिशवी आणि वर बारीक पोटाची कोळीण बसलेली असेल तर ती अंडी राखते आहे. या काळात ती फारसे खात नाही, पिशवी सोडूनही जात नाही. पिले काही आठवड्यांत बाहेर येतात आणि धाग्यावर तरंगत पांगतात, त्यामुळे झाडावर कोळ्यांची गर्दी होईल ही भीती नको. छाटणी करायचीच असेल तर ते पान 15 सेंटिमीटर फांदीसह कापा आणि शेजारच्या झाडाच्या सावलीतल्या फांदीला सैल दोऱ्याने बांधा. पान वाळले तरी पिशवी टिकते.

चावतो का? घरात लहान मुले आहेत. (सिडको)

मुद्दाम चिमटीत धरले तर चावण्याचा प्रयत्न करील. जबडे छोटे असल्याने बहुतेक वेळा कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचलेच तर टोचल्यासारखे वाटते. साबणाने धुवा. माणसाला या विषाचा धोका नाही. हलवायचा असेल तर रंगाच्या मऊ ब्रशने डबीत ढकला.

अंजनेरीला कधी गेलो तर दिसतील? (सातपूर)

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, सोनकी बहरात असताना. पिवळ्या सोनकीत पिवळा कोळी शोधण्यापेक्षा न हलणारी माशी शोधा. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा फुले न तोडता, पायवाटेवरूनच पाहा.

पूजेच्या तगरीत आणि मोगऱ्यात हे कोळी येतात. फुले न धुता कशी काढावीत? (पंचवटी)

तोडतानाच प्रत्येक फूल देठाला धरून उलटे करा आणि देठावर दोन टिचक्या मारा. कोळी धाग्यावर लटकेल, धागा काडीवर गुंडाळून काडी झाडावर टेकवा. परडीत आलेली फुले पांढऱ्या नव्हे तर गडद कापडावर पसरून दहा मिनिटे ठेवा. मोगऱ्याच्या डबल फुलांत पाकळ्यांच्या मधे तपकिरी नर लपतात, ती फुले वेगळी झटका. हे सगळे फुले फ्रिजमध्ये ठेवण्याआधी करा. थंडीने कोळी सुन्न होतो, पाय आखडून पाकळीला धरून बसतो आणि मग टिचकीनेही निघत नाही.